बावीस दिवस पऱ्हाटीमागं

पुणे, १९ जानेवारी २०२५

दादा,

तीर्थरूप लिहावं असं तुझं वागणं नाही आणि प्रिय लिहिलं तर तू घाबरशील, म्हणून नुसतंच दादा.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. तुला फोन केला की तू आधी स्पीकर लावतोस आणि मग ‘बोल’ म्हणतोस. मागच्या दिवाळीत मला पित्त झाल्याची बातमी कुरुंद्याच्या बसस्टँडवर आपल्या आईच्याही आधी पोचली होती. म्हणून ही चिठ्ठी वसमतच्या ट्रॅव्हल्सवाल्या ड्रायव्हरकडे देते आहे. उत्तर त्याच्याच हाती दे आणि वाचून झाली की ही चुलीत घाल.

गोष्ट अशी की मी चोरून मुलाखती देते आहे. बाणेरला एक कंपनी आहे, नाव सांगत नाही. जागा इंजिनिअरिंग मॅनेजरची. तुझ्या भाषेत सांगायचं तर बारा इंजिनिअरांची टोळी आणि मी त्यांची मुकादम. आपण स्वतः कोड लिहायचा नाही. लिहिणाऱ्यांचे रुसवेफुगवे काढायचे, कोण काय करतंय ते वर सांगायचं आणि वरचे जे बोलतील त्यातलं निम्मंच खाली पोचू द्यायचं.

माझ्या हल्लीच्या कंपनीत ही जागा तीनदा निघाली. तिन्ही वेळा मी शिकवून तयार केलेली पोरं माझ्या डोक्यावर येऊन बसली. आणि तिन्ही वेळा मला एकच कारण लेखी मिळालं: राजनंदिनीला मशीन कळतं, माणसं कळत नाहीत. खोटं कशाला सांगू, तिसऱ्या वेळी मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता अडतीस वर्षांची झाले. या वेळीही जमलं नाही तर ते म्हणतात तेच खरं, असं मी धरून चालणार आहे.

पहिल्या राउंडला त्यांच्या एचआरच्या दिपा मॅडमनी विचारलं, ‘माणसं कधी सांभाळलीत?’ माझ्या तोंडातून एकदम आपली हळद बाहेर पडली. २००७ साल. मी इंजिनिअरिंगच्या गणितात नापास होऊन वर्षभर घरी, तुझा पाय प्लास्टरमध्ये, आणि तुझी हळद शिजवायची टोळी अख्खा हंगाम माझ्या ताब्यात. नापास झाल्याचं तेवढं गाळलं. बाकी सगळं सांगितलं. कढया, भट्टीचा जाळ, कुणी काय करायचं याचा मी भिंतीला लावलेला तक्ता. मॅडम टाइप करायच्या थांबल्या आणि ऐकत बसल्या. राउंड पार झाला.

पुढच्या राउंडला ते खोलात शिरणार. माणसं नक्की किती होती, कढया दोन की तीन, किती दिवस, ते लगेच कळव. आठवणीत माझं कर्तृत्व फुगलं असेल तर टाचणी लावायलाही हरकत नाही.

राजी

कुरुंदा, २२ जानेवारी

चि. राजीस,

आशीर्वाद फुकट असल्यामुळे भरपूर पाठवत आहे. चिठ्ठी चुलीत घातली. त्याआधी तुझ्या संगितावहिनीनं वाचली, पण तिच्या तोंडून काही बाहेर जात नाही. माझ्याबद्दल सोडून.

माझा पाय कसा मोडला हे तिथं कुणी विचारलं, तर मी मोटारसायकलवरून पडलो असं सांगू नकोस. देवलाच्या रेडकानं मला पाडलं. पडण्यात आणि पाडलं जाण्यात इज्जतीचा फरक आहे.

माणसं चौदा, कढया दोन, दिवस एकेचाळीस. बायांची म्होरकी आशाबाई. कढईतल्या हळकुंडात काडी टोचून ‘झालं’ म्हणायचा मान तिचा. जाळावर महेबूब आणि त्याच्या हाताखाली देवला. जळण सगळं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचं, त्याचा घराएवढा ढीग लावलेला असायचा. आता कढया गेल्या आणि वाफेचा कुकर आला, पण टोळीत निम्मी माणसं अजून तीच आहेत.

मुलाखतीचं म्हणशील तर मीही दर हंगामाला घेतो. एकच प्रश्न विचारतो: ‘सकाळी किती वाजता येशील?’ जो छाती काढून ‘सहाला’ म्हणतो तो आठला उगवतो. जो ‘बघू’ म्हणतो तो सहाला हजर असतो. तुझ्या कंपनीला इतके राउंड कशाला लागतात ते मला कळलेलं नाही. पाच वर्षांनी स्वतःला कुठं बघता, असंही विचारतात म्हणे. त्या वेळी विचारणाऱ्याच्या खुर्चीकडे बघायचं आणि गप्प बसायचं.

तू टोळी सांभाळलीस हे अगदी बराबर आहे. फार छान सांभाळलीस. तुझ्यासारखी आजवर कुणी सांभाळली नाही आणि पुढे कुणी सांभाळणार नाही. फक्त महेबूबला काढल्याचं तेवढं तिथं बोलू नकोस. जुनी गोष्ट आहे, उगीच कशाला.

वैजनाथदादा

पुणे, २ फेब्रुवारी

दादा,

तू माझी एवढी स्तुती केलीस की मी कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. तुला अठरा वर्षांत माझ्या कामाबद्दल एक चांगला शब्द सुचला नव्हता. वहिनीनं सांगून लिहून घेतलं का?

दुसरा राउंड झाला. चार जण, तीन तास, आणि मध्ये एक गार सामोसा. आधी त्यांनी विचारलं, ‘तुमची सगळ्यात मोठी कमजोरी कोणती?’ मी म्हटलं, ‘मी जरा जास्तच काम करते.’ चौघांनी अशा माना हलवल्या की हे उत्तर त्यांनी त्याच दिवशी पाच वेळा ऐकलं असावं. मग मोठे साहेब बोलले. विजयकुमार त्यांचं नाव, ऐकताना पापणी हलवत नाहीत. म्हणाले, ‘कधी कुणाला कामावरून काढलं आहे?’

तू नको म्हणाला होतास. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तरच नव्हतं. सांगितली महेबूबचाचांची गोष्ट. जाळ त्यांच्याकडे होता. एक अख्खी कढई जास्त शिजली, हळदीचा लगदा झाला. मी सगळ्यांसमोर त्यांना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले, जाळ देवलाच्या हाती दिला आणि पुढचे बावीस दिवस एकही कढई बिघडली नाही. वर ‘निर्णय कठीण होता, पण टोळीच्या हिताचा होता’ असं वाक्यही लावलं. ते आरशासमोर पाठ केलं होतं. चौघांनी लिहून घेतलं.

आता एकच राउंड उरला. त्याआधी कंपनीला त्या वेळी माझ्या हाताखाली काम केलेल्या एका माणसाशी बोलायचं आहे. मी आशामावशीचा नंबर दिला. ती मला रोज सकाळी फोनवर गुलाबाचं फूल पाठवते, म्हणजे फोन चालू आहे आणि जीवही आहे. दिपा मॅडम गुरुवारी तिला फोन करतील. मावशीला एवढंच सांग, घाबरू नको, आठवेल ते बोल.

राजी

कुरुंदा, ४ फेब्रुवारी

राजी,

घाईत लिहितो. आशाबाईचा नंबर देऊ नकोस, दिला असलास तर परत घे. तिचा फोन बिघडला आहे. कानही बिघडले आहेत. शिवाय ती डोंगरकड्याला लेकीकडे गेली आहे आणि जाताना फोन घरीच विसरली आहे.

त्यापेक्षा संतरामचा नंबर दे. माझा मेहुणा कसा गोड बोलतो ते तू जाणतेस. तो टोळीत कधीच नव्हता हे खरं, पण दोन दिवसांत मी त्याला टोळीत होता असं शिकवून ठेवतो.

दादा

पुणे, ६ फेब्रुवारी

दादा,

मावशीचा फोन बिघडला, मावशीचे कान बिघडले, आणि तो बिघडलेला फोन ती घरी विसरून गेली. यातली एकच थाप निवडली असतीस तर मी कदाचित फसले असते.

आज सकाळी नेहमीसारखं गुलाब आलं. मी लगेच फोन लावला. मावशी घरीच होती, भाकरी करत होती, आणि दिपा मॅडमशी बोलून मोकळीही झाली होती. ‘लई ग्वाड बाई हाय, अर्धा तास बोललो,’ म्हणाली. काय बोललीस, विचारलं. ‘समदं,’ म्हणाली आणि हसायला लागली. तिला हसू आवरेना. शेवटी मीच फोन ठेवला.

समदं म्हणजे काय? माझा शेवटचा राउंड चौदा तारखेला आहे. तू काय लपवून ठेवलं आहेस ते मला त्याआधी कळलं पाहिजे. तुला सांगायला जड जात असेल तर तिच्याकडून लिहून घे आणि पाठव. मला झोप नाही.

राजी

कुरुंदा, ९ फेब्रुवारी

राजीबाईस आशाबाईचा रामराम.

हे माझी सून पुनम लिहून राहिली. मी बोलते तसंच लिही म्हणलं तिला, सुधरू नको.

तुमचा दादा काल आला अन् म्हणला, आशाबाई, खरं काय ते पोरीला तुमीच कळवा, मला तोंड न्हाई. आता यात तोंड नसायला काय झालं? मजेची गोष्ट हाय. नवी बाई कामावर आली का पयल्या दिवशी आमी हीच गोष्ट सांगतो. तुमालाच तेवढी म्हाईत न्हाई.

तुमी महेबूबला काढलं बुधवारी. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला की हजर. म्हणलं, काहून आला? म्हणे, ‘घरी करमत न्हाई अन् देवलाला जाळ कळत न्हाई.’ ते तर खरंच होतं. देवला जाळ लावून राहिला का इझवून राहिला, त्याचं त्याला कळायचं न्हाई. मग आमी म्हणलं, बस पऱ्हाटीच्या मागं. ढिगातून दोन पेंढ्या काढल्या, भोक केलं. तिथून तो जाळ बघायचा अन् देवलाला सांगायचा, सार, ओढ, थांब. तुमी तिकडं लिंबाखाली, खाटेवर, वही घेऊन. तुमाला वाटलं देवला हुशार झाला. तुमी समद्यांसमोर त्याला शाबासकी दिली. तवा सारी पऱ्हाटी हालत होती, इतका महेबूब हसला.

त्याला खोकला लई. तो खोकला का आमी समद्या बाया खोकायच्या, तुमाला कळू नये म्हणून. एक दिवस तुमी मला इचारलं, मावशी, सगळ्यांनाच खोकला कसा? मी म्हणलं, धुरानं. तर तुमी दुसऱ्या दिवशी काढा करून आणला. समद्यांना प्यावा लागला. एवढं कडू मी बाळंतपणात बी पिले न्हाई.

असे बावीस दिवस. तुमाला एक दिवस पत्ता लागला न्हाई.

कंपनीच्या बाईनं इचारलं, राजनंदिनी मॅडम कशा होत्या? मी म्हणलं, गुणाची पोरगी, कुणाला तकलीफ न्हाई. ती तिचं लिहायची, आमी आमचं काम करायचो. मग हे समदं सांगितलं. ती बाई तर फोनवर लोळली. म्हणली, थांबा, साहेबाला घेते, पुन्यांदा सांगा. साहेबाला बी सांगितलं. साहेब न्हाई हसला. त्याला मराठी कमी येत असंल.

नोकरी पक्की समजा. पेढे पाठवा.

आशाबाई

(याच पाकिटात, वैजनाथच्या हाताची चिठ्ठी.)

राजी,

आशाबाईनं लिहिलं ते सगळं खरं आहे आणि मला तेव्हापासून माहीत आहे. मी घरी पाय टांगून पडलेलो असायचो, देवला रोज संध्याकाळी येऊन सांगायचा आणि आम्ही दोघं हसायचो.

तुला सांगितलं नाही, कारण नापास झाल्यापासून तू कुणाशी धड बोलत नव्हतीस, जेवणाच्या ताटावरही मान खाली. त्या एकेचाळीस दिवसांत तू पुन्हा मान वर करून चालायला लागलीस. ते मी कसं मोडायचं? आता अठरा वर्षांनी मोडलं, तेही ऐन मुलाखतीत. तोंडानं माफी मागायची लाज वाटते म्हणून लिहितो. माफ कर.

दादा

पुणे, १५ फेब्रुवारी

दादा,

निकाल अजून नाही. पण जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

काल खोलीत एकटे विजयकुमार होते. चहापाणी नाही, हवापाण्याच्या गप्पा नाहीत. म्हणाले, ‘तुम्ही काढलेला माणूस बावीस दिवस तुमच्यासमोर काम करत होता आणि तुम्हाला पत्ता नव्हता. मग मी माझी बारा माणसं तुमच्या हाती कशी देऊ?’

अशा वेळी काय म्हणायचं ते मुलाखतीच्या पुस्तकांत छापलेलं असतं. हसायचं, ‘तेव्हा वय लहान होतं, त्यातून खूप शिकले’ म्हणायचं आणि पाणी प्यायचं. मी ग्लास उचललासुद्धा. मग खाली ठेवला.

दादा, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

गुरुवारी सकाळी मी आले तर देवला पऱ्हाटीच्या ढिगाला विचारत होता, ‘आता ओढू का?’ मग जरा थांबायचा, मान डोलवायचा आणि जाळ ओढायचा. मी नापास झाले होते, आंधळी झाले नव्हते.

आणि मी गप्प का बसले ते तुलाही माहीत नाही. ती कढई चाचांनी बिघडवलीच नव्हती. माझ्या तक्त्यात लिहिलं होतं, प्रत्येक कढई एक तास, घड्याळ लावून. त्या दिवशी हळकुंडं बारीक होती. पाऊण तासालाच आशामावशीनं काडी टोचून ‘झालं’ म्हटलं, चाचा जाळ काढायला वाकले, आणि मी म्हणाले, ‘तक्त्याप्रमाणे करा.’ त्यांनी केलं. लगदा झाला. सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली आणि मी चाचांना काढून टाकलं. मावशीनं एवढं लांबलचक पत्र लिहिलं, पण हे त्यात लिहिलं नाही बघ.

संध्याकाळपर्यंत माझं मला कळलं होतं. पण तेरा माणसांसमोर ‘माझं चुकलं’ म्हणायची छाती झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते ढिगामागं बसलेले दिसले आणि मला इतकं हायसं वाटलं की मी वहीत तोंड खुपसून बसले. पुढचे बावीस दिवस मी तेच काम केलं, न बघण्याचं. तक्त्यातला एक तासही गुपचूप खोडून टाकला. इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तीनदा जे लेखी मिळालं ना, माणसं कळत नाहीत म्हणून, ते वाचून मला दर वेळी तोच लगदा आठवायचा.

विजयकुमारांनी सगळं ऐकलं. म्हणाले, ‘हे तुम्हाला आशाबाईंच्या फोननंतर सुचलेलं असू शकतं.’ चुकीचं काय बोलले? त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हणाले असते. मग मी म्हटलं, ‘महेबूबचाचांना विचारा.’ ते म्हणाले, ‘तुम्हाला माहीत होतं, हे त्यांना माहीत आहे?’ मी म्हटलं, ‘ते मला माहीत नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही.’ तेव्हा त्यांची पापणी पहिल्यांदा हलली. मी नंबर लिहून दिला आणि आले.

म्हणजे आता सगळं चाचांच्या एका उत्तरावर आलं आहे. त्यांनी ‘मॅडमला काय माहीत असणार’ म्हटलं की मी खोटी ठरले आणि ही नोकरी गेली. तरीही दादा, तुझे पाय धरते, आखाडा बाळापूरला जाऊन त्यांना काही शिकवू नकोस. संतरामलाही पाठवू नकोस. त्यांच्या मनात जे आहे तेच मला हवं आहे.

आणि मला माहीत होतं हे आशामावशीला कळता कामा नये. तिचा एवढा चांगला किस्सा मला बिघडवायचा नाही.

राजी

कुरुंदा, १९ फेब्रुवारी

राजी,

चिठ्ठी दोनदा वाचली. वहिनीनं विचारलं काय झालं, तर तिला चिठ्ठीच दिली. तिनंही दोनदा वाचली. त्या दिवशी जेवायला उशीर झाला.

महेबूबला काही शिकवलं नाही. पण राहवेना म्हणून गेलो. तो आता त्याच्या लेकीकडे, अजराकडे असतो. पहिल्या दिवशी चहा घेतला, हळदीच्या भावावर बोललो, परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, चहा घेतला, परत आलो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘वैजनाथराव, पोटात काय दुखून राहिलं ते बोला की.’ मी म्हणालो, ‘काही नाही, तुमच्याकडचा चहा चांगला असतो.’ अजरानं माझ्याकडे अशी नजर टाकली की चौथ्यांदा जायची सोय राहिली नाही.

तुझ्या साहेबाचा फोन आला का, तेवढंसुद्धा विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदा तोंड बंद ठेवलं. फार त्रास होतो. लोक कसे ठेवत असतील?

जाताना त्यानं तुझा पुण्याचा पत्ता मागितला. दिला. का, ते विचारलं नाही.

दादा

आखाडा बाळापूर, २४ फेब्रुवारी

राजी बेटीस महेबूबचा सलाम.

मी चौथी पास, अक्षराला सांभाळून घ्या.

वैजनाथराव तीन दिवस येऊन चहा पिऊन गेले अन् बोलले काहीच न्हाई, तवाच समजलो का कायतरी मोठं हाय. शुक्रवारी तुमच्या साहेबाचा फोन आला. हिंदीत बोलत होते. इचारलं, ‘मॅडमनी तुमाला काढलं होतं?’ म्हणलं, व्हय. ‘मग तुमी गेले न्हाई?’ म्हणलं, न्हाई गेलो. ‘तुमी लपून हाय हे त्यांना म्हाईत होतं?’

ही बात मी अठरा साल कोणाला बोललो न्हाई. आशाबाई दर साली तो किस्सा सांगती, लोकं पोट धरून हसतात, मी बी हसतो. मधी काहून पडायचं? पण साहेब म्हणले, खरं काय ते सांगा, मॅडमच्या नोकरीचा सवाल हाय. मग सांगितलं.

म्हणलं, साहेब, आमची बेटी रोज बांधावरून यायची. कढयांपासून शंभर पावलं दूर थांबायची अन् तिथून ओरडायची, ‘हाड! हाड! चल निघ इथून!’ कुत्र्याला हाकलायची. तो आवाज आला का मी उठून ढिगामागं जायचो. जेवून येताना बी तेच, चहा पिऊन येताना बी तेच. बावीस दिवस. साहेब म्हणले, ‘मग त्यात काय?’ म्हणलं, साहेब, तिथं कुत्रं न्हवतंच.

मग तिकडून हसायचा आवाज आला, चांगला लई वेळ.

मग त्यांनी आणिक एक इचारलं, ‘तुमाला राग न्हाई आला?’ म्हणलं, आला. ते तुमाला बी सांगतो, बेटी, लपवून काय करायचं. तुमी मला झाकलं, ते मला कळलं. त्या लेकरानं रोज कुत्रं हाकललं, हे मी अजून बी इसरलो न्हाई. पण काढलं ते तुमी चौदा माणसांत, अन् परत घेतलं ते कोणाच्याच समोर न्हाई. तेवढं आत राहून गेलं हाय. लोकं किस्सा ऐकून हसतात तवा मला वाटतं, यांच्या लेखी कढई मीच नासवली अन् मी अजून बी काढलेलाच माणूस हाय.

असो. तुमचं काम झालं पायजे. दुआ करतो. अजरा सलाम सांगती.

महेबूब

पुणे, ३ मार्च २०२५

महेबूबचाचा,

नोकरी मिळाली. आज माझा पहिला दिवस. बारा जणांशी ओळख झाली. त्यातले दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, एक जण माझ्याशी बोलत नाही, आणि सगळ्यांना खोकला आहे.

तुमचं पत्र चार दिवस माझ्या पर्समध्ये आहे. तीनदा वाचलं, तीनदा रडले. सोबत जो कागद आहे तो या टेबलावर बसून लिहिलेला माझा पहिला कागद. त्याची एक प्रत दादाला पाठवली आहे. उद्या सकाळी सगळी टोळी कुकरपाशी जमली की तो मोठ्यानं वाचेल, आशामावशी आणि देवलासकट सगळ्यांसमोर. ही चिठ्ठी घेऊन तो तुम्हाला न्यायलाही येईल. कुत्र्याचं त्यात लिहिलेलं नाही. ते आपल्या दोघांत राहू द्या.

राजी

(सोबतचा कागद)

प्रति,
श्री. महेबूब, जाळवाले

विषय: दिनांक ७ मार्च २००७ रोजी कामावरून काढल्याबाबत.

त्या दिवशी कढई बिघडली ती माझ्या तक्त्यामुळे. आशाबाईंनी वेळेवर ‘झालं’ म्हटलं होतं. तुम्ही वेळेवर जाळ काढायला निघाला होतात. मी अडवलं. चूक माझी होती आणि शिक्षा तुम्हाला झाली. तेव्हा सगळ्यांसमोर हे म्हणायला मी भ्याले. आज सगळ्यांसमोर म्हणते, माझं चुकलं.

तुम्हाला कामावरून काढल्याचा हुकूम मी मागे घेत आहे.

पुन्हा कामावर रुजू होण्याची आवश्यकता नाही. तुम्ही एकही दिवस गैरहजर नव्हतात.

राजनंदिनी
इंजिनिअरिंग मॅनेजर